काठावरचे नऊ जोड

आमच्या वरकुट्याच्या विहिरीत पायात काही घालून कुणी उतरत नसे. पाणी म्हणजे देव, हे एक कारण होतंच. पण आमच्या आबांच्या लेखी खरं कारण वेगळं होतं. काठावर जेवढे जोड, तेवढी माणसं आत. मोटारीचं बटण दाबायचं असो, गाळाची पाटी खाली सोडायची असो, नाहीतर नुसतं वाकून बघायचं असो, आधी चपला मोजायच्या आणि मग पुढचं पाऊल टाकायचं. वर आलेल्या माणसाने पहिलं काम म्हणजे स्वतःचा जोड पायात घालायचा, मग अंग पुसायचं. मी लहानपणी एकदा भिजल्या परकराने तशीच भाकरी खायला घरात पळाले, तर आबांनी सगळा मळा गोळा केला. दोन गडी विहिरीत बुड्या मारत होते आणि मी चुलीजवळ बसून तिसरी भाकरी मागत होते. त्या दिवशी भाकरीबरोबर पाठीत धपाटाही मिळाला.

आबा म्हणजे माझे थोरले चुलते. त्यांचं बालपण त्यांच्या वडिलांच्या मेंढरांमागे चालण्यात गेलं, तरुणपण इंदापूर तालुक्यातल्या विहिरींचा गाळ काढण्यात गेलं, आणि माझ्या कळत्या वयात ते दोन एकर ऊस, दोन म्हशी आणि घरातल्या प्रत्येक बाबतीतलं स्वतःचं मत एवढ्या गोष्टी सांभाळत होते. माझे वडील दुधाच्या टेम्पोवर, दिवसभर बाहेर; त्यामुळे घराचा कारभार आबांच्या तोंडावर आणि आईच्या हातावर चाले. सकाळी आईच्या भाकरीची थापथाप, म्हशीच्या धारेचा बादलीतला आवाज आणि आबांच्या मोबाईलवर फुल आवाजात चाललेलं हवामान, असं सगळं एकदम सुरू व्हायचं. हवामान सांगणाऱ्या माणसाशी आबा भांडायचे. "पाऊस पडंल म्हनं! तू कवा वरकुट्याला आलावतास?" असं ते मोबाईलला विचारायचे आणि उत्तर आलं नाही की म्हशीकडे बघून मान हलवायचे. म्हैस नेहमी त्यांच्याच बाजूची असे.

पोहायला मला त्यांनीच शिकवलं. पाठीवर तेलाचा रिकामा डबा बांधून विहिरीत ढकललं आणि स्वतः काठावर, माझ्या चपलांशेजारी बसून राहिले. मी नाका-तोंडात पाणी जाऊन बोंबलत होते आणि ते वरून सांगत होते, "मी बसलोय न्हवं हितं? मार पाय." आमची विहीर सहा परस, म्हणजे हात वर करून उभी केलेली सहा माणसं एकावर एक ठेवावीत एवढी खोल. बसलेल्या माणसाचा मला काय उपयोग होता, ते मला त्या वेळी कळलं नाही. खरं तर बराच काळ कळलं नाही.

पुढे मी बारामतीला कॉलेजात गेले आणि तिथून एकदा आम्हाला घळ उतरायला नेलं. भोरच्या पलीकडे घाटात एक ओढा डोंगर कापत खाली जातो. त्याच्या पाण्यातूनच चालायचं, कुठे पोहायचं, कुठे घसरायचं, कुठे दोराला लटकून धबधब्याच्या अंगाने उतरायचं. आमच्या सपाट मुलखातल्या पोरी, आम्हाला उंच म्हणजे साखर कारखान्याची चिमणी ठाऊक. पण पाण्यात शिरल्यावर माझी भीती कुठे गेली कोण जाणे. दोर्‍या लावणारे केदार सर मला म्हणाले, "रुपाली, परीक्षा झाली की ये. हंगामभर राहा, शीक, आमच्याबरोबर लोकांना उतरव." मी घरी आले ती असं ठरवूनच, की मला आयुष्यात दुसरं काही करायचं नाही. या वाक्याला आता मी हसते. एकोणिसाव्या वर्षी माणूस असली वाक्यं दर आठवड्याला बोलतो. पण हे वाक्य मी पुढे खरं केलं, म्हणून ते इथे लिहिण्याचा मला हक्क आहे.

आईने ऐकलं आणि परातीतलं पीठ तसंच ठेवून विचारलं, "लोकांस्नी डोंगरातनं खाली सोडायचं? आन् ह्याला कालेज लागतं?" वडील म्हणाले, आबा म्हणतील तसं. आबांनी हवामान बंद केलं, हे फार क्वचित व्हायचं. मग म्हणाले, "मी बघितल्याबिगर व्हय बी न्हाय आन् न्हाय बी न्हाय." मी म्हटलं, "आबा, तितं दोरानं उतरावं लागतं." त्यावर ते माझ्याकडे असे बघत राहिले, जसं काही मी त्यांना भाकरी कशी खातात ते सांगितलं. "दोरानं उतराय मला शिकीवतीस?" म्हणाले. झालं. केदार सरांना फोन केला, तर ते म्हणाले, घरच्यांनी यावंच, उलट बरं. गणपती उठल्यावर कॉलेजातली सात पोरं-पोरी आणखी निघणार होती, त्यांत आबा आणि मी जाऊन बसलो. आबांच्या एका शब्दावर माझा सगळा पुढचा रस्ता टांगलेला, आणि ते गाडीत बसल्या बसल्या झोपले.

आईने दशम्या दिल्या होत्या. दुधात पीठ भिजवून केलेल्या त्या भाकरी तीन-चार दिवस टिकतात. आई देताना तीन-चार गावांना पुरतील एवढ्या देते. वर शेंगदाण्याची चटणी, ठेचा आणि आबांची घोंगडी. "डोंगरात पाऊस आसतोय," आबा म्हणाले. घोंगडीत पाऊस शिरत नाही हे खरं. पण ओढ्यात पडली की ती एका माणसाएवढी जड होते, हे आम्हाला तिथे कळलं आणि ती गाडीतच राहिली. आबांच्या डोक्याला पटका होता, पांढरा, लांबच लांब. सोनल मॅडम, म्हणजे केदार सरांच्या जोडीच्या, हेल्मेट घेऊन आल्या तर आबा म्हणाले, ते पटक्यावर बसवा. ते बसेना. आबा पटका काढेनात. शेवटी पंधरा मिनिटांच्या वाटाघाटीनंतर पटका डोक्यावरून उतरून कमरेला गुंडाळला गेला आणि हेल्मेट डोक्यावर चढलं. धोतराचा काचा मारून वर दोराचे पट्टे आवळलेले आबा दिसायला असे होते, की पोरं फोटो काढू लागली. आबांनी प्रत्येक फोटोला छाती पुढे काढली.

घळीच्या तोंडाशी पोत्यातून जाड तळाचे बूट निघाले. केदार सरांनी मापाप्रमाणे वाटले, आम्ही घातले, त्यांनी सगळं समजावलं आणि पहिल्या घसरणीवर दोर लावायला ते पुढच्या वळणाआड गेले. सोनल मॅडम दोर मोकळा करत वरच्या खडकावर उभ्या. आणि आबांनी ओढ्याकडे बघितलं. चिमूटभर हळद त्यांनी घरून पुडीत आणली होती, ती पाण्यात सोडली. हात जोडले. मग खाली बसून त्यांनी शांतपणे बूट काढले आणि काठावर नीट ठेवले, टाचा पाण्याकडे, म्हणजे वर आल्यावर सरळ पाय घालता येतात. "आबा, सरांनी घालाय सांगितल्यात," मी कुजबुजले. "पान्यात? पायताण घालून? सरांस्नी कुनी शिकीवलं न्हाय वाटतं." आता पुढचं मी कुणावर ढकलणार नाही. आम्ही आठही जण इंदापूर-बारामतीच्या मळ्यांतली लेकरं. प्रत्येकाच्या घरी विहीर, प्रत्येकाच्या विहिरीला एक आबा. वडगाव निंबाळकरच्या गौरवने मान खाली घालून बूट काढले. मग सुप्याच्या दोघींनी. मी शेवटची. मला एकदा उतरण्याचा अनुभव होता, मला कळायला हवं होतं. पण म्हाताऱ्या माणसाने हळद वाहून अनवाणी उभं राहायचं आणि आपण बूट घालून पाण्यात शिरायचं, हे आमच्या पायांना जमणारं नव्हतं. काठावर नऊ जोड लागले, ओळीने, कॉलेजच्या रांगेत कधी लागले नसतील एवढे सरळ.

आवाज एवढा होता की मॅडमना काही ऐकू गेलं नाही, आणि गुडघाभर गढूळ पाण्यात आमचे पाय काही दिसले नाहीत. त्या एकेकाला दोराला अडकवून पुढे सोडत होत्या. पहिले आबा. खडकावरून घसरले आणि खालच्या डोहात हेल्मेटसकट गडप होऊन वर आले. पलीकडे कोरड्या कातळावर केदार सर हात द्यायला उभे. आबा बाहेर आले. सरांनी त्यांच्या पायांकडे बघितलं. "आबा, बूट?" "काढून ठिवल्यात." सर काही बोलणार, तोवर गौरव आला, अनवाणी. मग सुप्याची एक, अनवाणी. दुसरी, अनवाणी. सर वर बघून दोन्ही हातांनी खुणा करत होते आणि मॅडम वरून तशाच खुणा करत होत्या, छान चाललंय म्हणून. मी पोहोचले तेव्हा कातळावर सोळा उघडे पाय होते आणि सरांचा चेहरा असा, की मी माझे दोन लपवावेत कुठे ते कळेना. शेवटी मॅडम आल्या आणि आल्या आल्या त्यांनी सवयीने दोर खाली ओढून घेतला.

तो दोर सळसळत खाली पडला तेव्हा आबांचा चेहरा पहिल्यांदा बदलला. "आता वर जायचं कशानं?" त्यांनी विचारलं. सर म्हणाले, "आबा, वर जायचंच नाही. घळ एका तोंडानं शिरायची आणि दुसऱ्या तोंडानं बाहेर पडायची. बूट आता परत भेटत नाहीत." आबा दोराकडे बघत राहिले. सत्तरीला टेकलेला माणूस. आयुष्यभर शेकडो विहिरींत उतरला आणि प्रत्येक वेळी जिथून उतरला तिथूनच वर आला. जिथून परत फिरायचं नाही अशा ठिकाणी ते कधी गेलेच नव्हते. मला मनापासून वाटलं, संपलं. आता हे घरी जाऊन न्हाय म्हणणार.

पण आबा आधी कामाला लागले. कमरेचा पटका त्यांनी सोडला, दातांनी कड तोडली आणि सरळ फाडायला सुरुवात केली. "आबा, आवो पटका!" मी ओरडले. त्या पटक्याशिवाय ते गावात चावडीवर जात नसत. "चूक माजी, पाय तुमचं," ते म्हणाले. अठरा पट्ट्या निघाल्या. प्रत्येकाचे पाय त्यांनी स्वतः बांधले, घोट्यापासून चवड्यापर्यंत, मेंढराच्या मोडलेल्या पायाला बांधतात तसे घट्ट. गौरव कुरकुरला तर म्हणाले, "मेंढरं रडत न्हवती." ओल्या कापडाला शेवाळलेल्या दगडावर पकड बरी बसते, हे सरांनीही तोंड वाकडं करत मान्य केलं. सगळ्यांना ताकीद दिली, कुणी उडी मारायची नाही, हात सोडायचा नाही, आणि पुढची मोठी उतरण झाली की पायवाट लागेल, तिथून बाहेर.

मोठी उतरण तीन-चार विहिरी एकावर एक ठेवल्यासारखी. शेजारून पाणी कोसळत होतं. सरांनी मला आधी खाली सोडलं आणि मागोमाग स्वतः आले. इथे एक गोष्ट सांगायला हवी. खाली उभा असलेला माणूस दोराचं टोक हातात धरतो. वरच्याचा हात सुटला तर खालच्याने टोक ओढायचं, की वरचा आहे तिथेच थांबतो. सर माझ्याकडे बघून म्हणाले, "टोक तू धर. मी मागे आहे." वर बघितलं तर कड्यावर आबा. ते उतरत नव्हते. मॅडम काहीतरी सांगत होत्या आणि ते मान हलवत होते. पाण्याच्या आवाजात मला शब्द ऐकू येत नव्हते, पण मला ठाऊक होतं ते काय म्हणत असतील. वर यायचं कुठनं.

मी पोटातून ओरडले, "आबाऽऽ! मी हाय न्हवं हितं! मारा पाय!" त्यांना ऐकू गेलं का, देव जाणे. पुढे मी कित्येकदा विचारलं आणि त्यांनी दर वेळी वेगळं उत्तर दिलं. पण त्यांनी कड्याला पाठ केली आणि उतरायला लागले. मधे एकदा त्यांचा पाय सरकला, ते गर्रकन फिरले, आणि मी सगळ्या अंगाने टोक ओढलं. ते थांबले. धबधब्याच्या कडेला लोंबकळत, पांढऱ्या पट्ट्यांचे पाय हवेत. आमच्या घराचं सगळं वजन माझ्या दोन हातांत होतं आणि मला त्याची भीती नाही, नुसता अभिमान वाटला. त्यांनी पाय पुन्हा खडकाला लावले, मी हळूहळू सैल केलं. खाली आल्यावर त्यांनी माझे हात उलटे करून तळवे बघितले आणि म्हणाले, "लई जोरात वढतीस. दोर काचतोय." कौतुक करण्याची त्यांची हीच तऱ्हा होती.

बाकी सगळे पायवाटेने गाडीकडे गेले. बूट आणायला आबा निघाले. ज्याने ठेवले त्याने आणायचे, यावर ते हटेनात. मी आणि सोनल मॅडम त्यांच्याबरोबर. घळीच्या कडेकडेने दीड तासाची चढण. वर पोहोचतो तर ओढ्याच्या तोंडाशी माणसं जमलेली. चार-पाच गडी घळीत वाकून हाका मारत होते, एक जण पोलीस पाटलाला फोन लागेना म्हणून झाडावर चढला होता. आणि आमच्या नऊ जोडांशेजारी, मांडीवर विळा आणि पाठीशी गवताचा भारा घेऊन, एक म्हातारी बसली होती.

"ह्यातलं कोन तुमी?" तिने आमच्या पायांच्या पट्ट्यांकडे बघत विचारलं.

"आमी त्यातलीच," आबा म्हणाले. "नऊ जनं. समदी खाली सुखरूप हायत."

"नऊच?" तिने बोटाने जोड पुन्हा मोजले. मग तिचा आवाज चढला. "आवो, जीव घ्याल का कुनाचा! हितं नऊ जोड, आन् मानूस एक न्हाय!"

गडी हसायला लागले, झाडावरचा खाली उतरला, मॅडम सगळ्यांची माफी मागत फिरल्या. आबा मात्र म्हातारीसमोर उकिडवे बसले. "मावशे, कवापासनं बसलीस?"

"दुपारच्या भाकरीपासनं. ही मानसं हाका मारून जात्यात, परत येत्यात. मी म्हनलं, जोड हितं हायत म्हंजी मानसं आत हायत. कुनीतरी बसाय नको व्हय?"

मॅडमच्या न भिजणाऱ्या पिशवीतून उरलेल्या दशम्या काढून आबांनी तिच्या पुढ्यात ठेवल्या. तिने एक तुकडा मोडून खाल्ला आणि सांगितलं, मीठ कमी आहे. मग तिने भारा डोक्यावर घेतला आणि आम्ही सगळे बूट पायात घालेपर्यंत, म्हणजे आबा आणि मी आपापले घालून बाकीचे पोत्यात भरेपर्यंत, ती तिथून हलली नाही.

बारामतीहून परतीच्या एसटीत इंदापूरजवळ येईपर्यंत आबा खिडकीतून बाहेर बघत होते. डोक्याला काही नव्हतं, त्यामुळे ते मला एकदम लहान दिसले. शेवटी मीच म्हटलं, "आबा, मग?"

"मग काय. जा." थोड्या वेळाने म्हणाले, "मला वाटलं हुतं, तितं समदं परकं आसल. तितं बी बसनारी मानसं हायत." मग माझ्याकडे वळून त्यांनी आवाज खाली आणला. "तुज्या आईला बुटांचं सांगू नगंस. त्या म्हातारीचं तर अजाबात न्हाय. मानसं पाटलाला फोन लावत हुती म्हनलं तर ती तुला दारात बांधून ठिवील. आन् मीठ कमी हुतं त्ये बी नगंस सांगू." पटका ओढ्यात वाहून गेला, असं ठरलं. आईने ते मानलं नाही, पण पुढे विचारलंही नाही.

परीक्षा संपल्यावर मी निघाले. निघताना आबांनी माझ्या जुन्या चपला मागितल्या. अंगठा तुटून दोनदा शिवलेल्या त्या चपलांचं काय करणार, मी विचारलं नाही. मला गाडीची घाई होती. पहिला हंगाम कठीण गेला. हाताला घट्टे पडले, एका घसरणीवर गुडघा फुटला, तो आजही थंडीत मला आठवण करून देतो. दर आठवड्याला एका ठराविक टेकाडावर चढून मी घरी फोन लावायची. आई म्हशीचं, उसाचं, वडिलांच्या टेम्पोचं सगळं सांगायची आणि शेवटी आबांची तक्रार.

"तुज्या आबांचं डोस्कं फिरलंय," ती एकदा म्हणाली. "तुज्या तुटक्या चपला हिरीच्या काठावर मांडून ठिवल्यात. परवा मोटार दुरुस्त कराय मानूस आला, त्यो बटनाला हात लावंना. म्हनाला, आत कोन हाय? आबा म्हनत्यात, आमची पोरगी हाय, पर लांब उतरलीया, तू लाव मोटार." आईने श्वास घेतला. "आन् रोज सांजच्याला च्या घिऊन तितंच जाऊन बसत्यात, त्या चपलांपाशी. म्हनलं, घरात बसून प्या की. तर म्हनत्यात, कुनीतरी बसाय नको व्हय? आता तूच सांग पोरी, ह्याचा काय अर्थ?"

टेकाडावर वारा होता, फोन तुटत होता. मला काही ऐकू येत नाही असं मी आईला सांगितलं.